चौथी तार

मित्रांनो, मी एक जुना स्प्लिटर आहे. असे चेहरे करू नका, माझं नाव तुमच्या घरातल्या मोठ्यांनाही ठाऊक नसतं. पत्र्याचा काळा चपटा डबा, तळहातावर मावेल एवढा. एका बाजूने एक तार आत येते, दुसऱ्या बाजूने चार बाहेर जातात. आत आलेलं चित्र मी चार टीव्हींना सारखं वाटतो. उजवं-डावं करणं माझ्या रक्तात नाही.

मला घरी आणलं आजोबांनी. चाळीस वर्षं ते लोकांचे टीव्ही दुरुस्त करत होते. "टीव्ही चार आणि चित्र एकाच ठिकाणी, मग भांडणं होणारच," असं पुटपुटत त्यांनी हॉल आणि त्यांची खोली यांच्यामधल्या बोळात, उंच फळीवर मला स्क्रूने घट्ट बसवलं. प्रत्येक तारेला कागदाची पट्टी चिकटवून बारीक अक्षरात लिहिलं: १ हॉल, २ स्वयंपाकघर, ३ मुलाची खोली, ४ मी. माझे चारही हिरवे दिवे लागले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर टिचकी मारली. तेवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं.

दोन वर्षांनी आजोबांना झटका आला. अंग गेलं, वाचा गेली. उरले फक्त डोळे. त्यांच्याशी बोलायची युक्ती नातीने काढली: पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. बाकीच्यांना मात्र पापणी दुसऱ्यांदा मिटेपर्यंत थांबायला वेळ नसायचा. त्यामुळे त्या घरात आजोबा सगळ्यालाच हो म्हणत होते. मग नात शिकायला परगावी वसतिगृहात गेली आणि आजोबांना सोबत उरली ती समोरच्या टीव्हीची. पलंगावरून मान न हलवता दोनच गोष्टी दिसायच्या, तो टीव्ही आणि दाराबाहेरच्या फळीवर मी.

अशात मुलाने हॉलसाठी भिंतभर टीव्ही आणला. इथे माझी एक खोड सांगतो, लपवत नाही. चारांतला सगळ्यांत अशक्त टीव्ही जेवढं पेलेल, तेवढंच चित्र मी सगळ्यांना देतो. आजोबांचा टीव्ही जुना. म्हणून नव्या टीव्हीवरही चेहरे धूसर दिसायला लागले. टीव्ही लावायला आलेल्या माणसाने एका मिनिटात निदान केलं. "आतला म्हातारा काढा साहेब, चित्र लख्ख होईल," तो म्हणाला. तो टीव्हीबद्दलच बोलत होता.

"एकासाठी सगळ्यांनी आंधळं का व्हायचं?" सून म्हणाली.

"नानांना आता काय कळतंय!" मुलगा म्हणाला. हे तो माझ्याच खाली उभा राहून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला. आजोबांचे कान शाबूत होते.

तरी तार महिनाभर राहिली. मग नात एका प्रश्नमंजुषेच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि कार्यक्रम टीव्हीवर थेट दाखवणार असं कळलं. आदल्या दिवशी तिने फोन करून आजोबांच्या कानाला लावायला सांगितला. "आजोबा, जिंकले तर मी कॅमेऱ्याकडे बघून पापणी मिटेन. एकदाच. ते फक्त तुमच्यासाठी. नीट लक्ष ठेवा हं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल शेजाऱ्यांनी भरला. एवढ्या लोकांपुढे पोरगी धूसर दिसणार म्हणून सून कासावीस झाली. "अहो, तासाभराचा तर प्रश्न आहे."

मुलगा स्टूल घेऊन आला. आजोबा बघत होते. पापणी दोनदा मिटली, पुन्हा दोनदा, पुन्हा दोनदा. मुलाचं लक्ष माझ्याकडे होतं. त्याने चौथी तार उपटली, माझा चौथा दिवा विझला, आणि आजोबांच्या टीव्हीवर निळा पडदा आला. ही काय भानगड आहे ते त्या घरात आजोबांपेक्षा चांगलं कोणाला समजणार होतं?

नात जिंकली. टाळ्या बोळापर्यंत आल्या. तिने कॅमेऱ्याकडे बघून पापणी मिटली तेव्हा हॉलमधली एक बाई म्हणाली, "लाजली बघा!" मित्रांनो, मिटणाऱ्या पापणीचा आवाज होत नाही. आजोबांना टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या.

दोन दिवसांनी नात आली ती थेट त्यांच्या पलंगाशी. "आजोबा, बघितलंत ना?"

"बघितलं तर! डोळ्यांना धार लागली होती," मागून मुलाने सांगितलं. तेवढं मात्र खरं होतं.

आजोबांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या मागे उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे बघितलं आणि पापणी मिटली. एकदाच. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

तासाभराची तार पुन्हा लागलीच नाही. सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "यांच्या टीव्हीवर काहीच दिसत नाही हो." मुलगा म्हणाला, "बिघडलाय. जुना झालाय." जन्मभर लोकांचे बिघडलेले टीव्ही बरे करणाऱ्या माणसाला हे पडल्या पडल्या ऐकावं लागलं. पुढच्या आठवड्यात तो टीव्ही भंगारात गेला. आजोबा सात महिने टीव्ही काढल्यावर भिंतीत उरलेल्या चार भोकांकडे आणि माझ्या तीन दिव्यांकडे बघत राहिले आणि एका दुपारी गेले.

खोली आवरायला नात आली. फळी पुसताना धुळीतून तार निघाली. तिने पट्टी वाचली, माझी रिकामी खाच बघितली आणि वडिलांना हाक मारली.

"बाबा, माझ्या कार्यक्रमाच्या दिवशी ही तार लावलेली होती?"

"आता इतकं कुठलं आठवायला..."

"बोलू नका. पापणी मिटा. एकदा हो, दोनदा नाही."

बाबांची पापणी एकदा मिटली. नात थांबली. तिला थांबायची सवय होती. बऱ्याच वेळाने ती दुसऱ्यांदा मिटली.

नातीने त्या तारेची गुंडाळी करून पिशवीत टाकली आणि ती गेली. ती पुन्हा या घरी आलेली नाही.

मित्रांनो, मला पुसत जा, जपत जा, असं मी सांगेन असं तुम्हाला वाटलं असेल. माझं काही अडलेलं नाही. तीन तारांवर मी झकास चालतो, चित्र तर आरशासारखं येतं. पण तुमच्या घरात कोणाची तार तासाभरासाठी काढलेली असेल, तर हे पुस्तक ठेवा आणि आधी ती लावून या. इथे भिंतभर टीव्हीसमोर दोघं बसलेली असतात, आणि दारावरची बेल वाजली की दोघंही एकदम उठतात.