रहिमतबीचं पिंजण

चांदसाहेब पिंजाऱ्यांचं दुकान विश्रामबागेत कुणालाही विचारा, बोट करून दाखवतील. माणूस लय बोलका. गादीत कापूस किती घालावा, उशी कशी शिवावी, तासभर सांगत बसतील. पण स्वतःबद्दल विचारलं की झालं! दातखीळच बसायची.

आणि आता नेमकं तेच हवं होतं. खंडाळ्याचा एक हॉटेलवाला साठ गाद्या घेणार होता, पण त्याला आधी व्हिडिओ पाहिजे होता. मालकानं आपली कहाणी आपल्या तोंडानं सांगायची, आज पाचच्या आत. फोमच्या गाद्यांनी धंदा पार बसवला होता. ही ऑर्डर हुकली असती तर दुकानाला कुलूपच लागलं असतं.

सून अर्फानं मोबाईल गाद्यांच्या चळतीवर टेकवला. "अब्बा, सांगा आता. आन् माझ्याकडं न्हाई, मोबाईलकडं बघा."

चांदसाहेबांनी घसा खाकरला. "मी कवठे महांकाळचा. मी एकट्यानं, ह्या हातांनी कापूस पिंजून..."

ट्यँव.

भिंतीवर कापूस पिंजायचं जुनं धनुष्य, म्हणजे पिंजण, टांगलेलं होतं, माणसाएवढं लांब. आवाज तिथनंच आला.

"काय वाजलं, अब्बा?"

"कुठं काय? परत घे."

"मी एकट्यानं..."

ट्यँव, ट्यँव. ट्यँव.

अर्फानं व्हिडिओ लावून बघितला. अब्बांचे ओठ हलत होते, पण शब्द एक नाही. नुसतं ट्यँव, ट्यँव. "मोबाईलच बिघडला वाटतं," ती म्हणाली. चांदसाहेबांना मात्र दरदरून घाम फुटला. अहो, त्या पिंजणाला तात, म्हणजे वाजणारी दोरी, होतीच कुठं! चार वर्षांपूर्वी बायको, रहिमतबी गेली, त्याच दिवशी त्यांनी ती तात आपल्या हातानं कापून टाकली होती. तेव्हापासून कापूस मशीनवरच पिंजून यायचा.

दोन झटपट, एक सावकाश. हा हात त्यांच्या ओळखीचा होता.

चांदसाहेबांना तरुणपणापासून दमा. कापूस उडाला की जीव घुसमटायचा. म्हणून पडद्यामागं बायकोच पिंजायची. गिऱ्हाइकाची चाहूल लागली की ती हात थांबवायची, आणि हे मिशांवर, भुवयांवर चिमूटभर कापूस भुरभुरून बाहेर यायचे. "काय हात हाय तुमचा, चांदसाहेब!" माणसं म्हणायची. आणि हे खुशाल मान डोलवायचे! तीस वर्षं मिरवले. शेवटी कापसानं तिचीच छाती भरली. अंथरुणावरनं ती म्हणाली होती, "एकदा तरी सांगा की लोकांस्नी, हात माझा हाय म्हणून." हे "सांगतो" म्हणाले आणि गप्प बसले. चार वर्षं झाली त्याला.

पावणेपाच वाजले. अर्फा रडकुंडीला आली होती. "अब्बा, शेवटचं घेते बगा."

चांदसाहेबांनी पिंजणाकडं पाहिलं, मग मोबाईलकडं. "ह्यातलं मी कायबी केलं न्हाई," ते म्हणाले. "सगळं माझ्या बायकोनं पिंजलं. रहिमतबी तिचं नाव. मी नुसता मिशीला कापूस लावून बाहेर यायचो. तिनं लय मागितलं न्हवतं, एकदा सांगा म्हणली हुती. मी सांगितलं न्हाई."

पिंजण गप्प होतं.

अर्फानं सासूला कधी पाहिलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे टिपले. "अब्बा, ह्या टायमाला आवाज एकदम स्वच्छ आलाय!" तिनं व्हिडिओ धाडला. साडेपाचला होकार आला आणि ती हसतच घरी सांगायला पळाली.

चांदसाहेब एकटेच उरले. मघाशी त्या आवाजाची भीती वाटली होती, खोटं कशाला बोला. पण चार वर्षांत पहिल्यांदाच ती दुकानात होती. त्यांनी फाटक्या उशीतनं चिमूटभर कापूस काढला, मिशांवर भुरभुरला आणि भिंतीसमोर जाऊन उभे राहिले.

"मी एकट्यानं केलं गं सगळं," ते म्हणाले. "ऐकतीस न्हवं? मी एकट्यानं."

भिंतीवर नुसतं लाकूड लटकत होतं. चांदसाहेबांनी पुन्हा एकदा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं, आणि कान देऊन उभे राहिले.