चारासमोरचा खडा

हिरवा खडा गेल्याचं कळलं, तेव्हा राजाबाईला जाऊन सोळा दिवस झाले होते. १९५८चा माघ होता. मुळशीच्या धरणाकाठच्या बंगल्यात बाईसाहेब पुण्याहून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांच्या टेबलावर एक जुनं विलायती घड्याळ असे, ओंजळीत मावेल एवढं. काचेभोवती निळ्या मिन्याची कड, आणि त्या कडेत आकड्यांसमोर बारा रंगांचे बारा खडे. चारासमोरचं कोंदण रिकामं होतं.

बाईसाहेबांनी पिराजीला हाक मारली. तो बंगल्याचा राखणदार; त्याची बायको राजाबाई आतलं सगळं बघायची. घड्याळाला तिच्याशिवाय कुणाचा हात लागत नसे, हे बाईसाहेबांनी बोलून दाखवलं. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये असंही म्हणाल्या, आणि मग बोलल्याच. दूध घालायला आलेली माले गावची सारजाबाई दारात उभी राहून ऐकत होती.

“तरीच म्हनलं, तेराव्याला लापशीवर एवढं तूप कुटनं आलं,” ती म्हणाली आणि चरवी उचलून चालू लागली.

पिराजीला शब्द लवकर सुचत नसत. त्याने घड्याळाकडे बोट केलं.

“बाईसाहेब, तिला आकडं येत न्हवतं. ती खड्यांवर टाइम बघायची. तांबड्यावर काटा आला की तुमचं जेवान, हिरव्यावर आला की च्या. जायच्या आदल्या दिशी च्या कवा दिला तिनं?”

बारा वर्षांत बाईसाहेबांना हे ठाऊक नव्हतं. चहा चारलाच आला होता, म्हणजे खडा तोवर जागेवर होता. ट्रे खाली ठेवतानाच राजाबाईला हुडहुडी भरली, म्हणून त्यांनीच तिला घरी पाठवलं होतं. पहाटे ती गेली. त्याच दिवशी बाईसाहेब बंगल्याला कुलूप लावून पुण्याला गेल्या.

“मग त्यानंतर हात कुणी लावला?” त्यांनी विचारलं.

किल्ली पिराजीकडेच होती. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. बाईसाहेब येणार म्हणून आदल्या दिवशी त्याने झाडलोट केली होती. घड्याळ कळकट वाटलं. राजाबाई ते कशाने पुसायची, हे त्याने कधी बघितलं नव्हतं. देवाची भांडी घासतात तशी त्याने कडेला चिंच आणि राख लावली, चोळली, आणि मोरीत धरून वरून गरम पाणी सोडलं.

गप्प राहिला असता तर नोकरी राहिली असती.

“म्या,” तो म्हणाला. “काल चिंचंनं घासलं. गरम पाण्यानं खडा सुटून मोरीतनं गेला आसंल.”

बाईसाहेबांनी घड्याळ उजेडात धरलं. मिना पांढरट पडला होता. या महिनाअखेरीला दुसरा माणूस बघते, एवढंच त्या म्हणाल्या. पिराजीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

“पर तिनं घेतला न्हवता, हे सारजाबाईला सांगाल न्हवं?”

ती दूध घेऊन आली की सांगते, म्हणाल्या.

मोरीचं पाणी जातं तो चर पिराजीने उकरला आणि चिखल चाळणीने चाळला. खडा तिसऱ्या दिवशी मिळाला. पौडच्या सोनाराने तो लाखेत बसवून दिला. दूध मात्र आता सारजाबाईची सून आणते, आणि ती पायरीवर ठेवून जाते. पिराजीने सांगावं, तर नवऱ्याचं कोण ऐकणार. बाईसाहेब काही मालेला जायच्या नाहीत. गावात अजून कुणीच कुणाला काही सांगितलेलं नाही.