जिथे उजेड, तिथे नळी

व्हर्लिन स्टकी आमच्या गावच्या नेमबाजीच्या मैदानावर नवशिक्यांना बंदूक धरायला शिकवतो. त्याचा पहिला नियम असा: जे उडवायची तयारी नाही, त्याच्याकडे नळी वळवायची नाही. हा नियम त्याच्या टोपीवर आहे, ट्रकच्या मागच्या काचेवर आहे आणि कॉफीच्या मगावरही आहे. म्हणून त्याने घरच्या पिस्तुलाला नळीखाली टॉर्च बसवला, तेव्हा मला शेजारधर्माला साजेसं कुतूहल वाटलं. टॉर्च कशाला, तर अंधारात समोर कोण आहे ते दिसावं म्हणून. म्हणजे कोण ते कळेपर्यंत नळी त्याच्यावरच.

हे त्याच्या मुलीच्या, ब्रायनाच्या, आधीच लक्षात आलं होतं. तिने फोनवर सांगून टाकलं, "पप्पा, याचा निकाल लागेपर्यंत पायपर तुमच्याकडे झोपायला येणार नाही."

पायपर म्हणजे चार वर्षांची नात. अवेळी उठून काकडीचं लोणचं शोधत फिरायची तिला सवय. थँक्सगिव्हिंगचा सण तोंडावर आलेला, आणि व्हर्लिनने तिच्यासाठी छोटा पलंग स्वतः करून, पिवळा रंगवून ठेवलेला.

"मग हातातला टॉर्च घे की," त्याची बायको ट्वायला म्हणाली.

"एका हातात टॉर्च, एका हातात पिस्तूल. दार कोण उघडणार? तुझी आई?"

"आईला मध्ये आणू नकोस."

"मी मध्येच बसलेय," सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या.

बोलण्याने हे मिटणार नव्हतं. मी प्रयोग सुचवला. शनिवारी दुपारी आम्ही खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. खरं पिस्तूल पेटीत कुलूपबंद. हातात त्याच्या वर्गातलं निळं प्लास्टिकचं खोटं पिस्तूल, टॉर्चसकट. सासूबाईंनी घरात कुठेतरी लपायचं. शोधणाऱ्यामागून मी जायचं आणि नळी जिथे वळेल तिथे नारिंगी स्टिकर लावायचं. जुन्या सामानाच्या विक्रीतली स्टिकरं उरलीच होती.

आधी ट्वायला गेली. पिस्तूल जमिनीकडे, टॉर्च दुसऱ्या हातात. एकही स्टिकर लागलं नाही. पण कोठीच्या दाराशी तिने टॉर्च काखेत धरला, छत उजळलं, टॉर्च निसटला आणि गडगडत सोफ्याखाली गेला.

"चोर हसूनच मेला असता," व्हर्लिन म्हणाला.

मग तो निघाला. झकास काम. आधी कोपरा, मग पलंग, मग कपाटामागे. कोठीचं दार मोकळ्या हाताने सहज उघडलं.

"हात वर!"

"कसे करू? बरणी आहे हातात," सासूबाई म्हणाल्या. "आणि झाकण निघत नाहीये."

गोधड्या काढल्या. स्टिकरं होती फ्रीजवर, लग्नाच्या फोटोवर, भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर आणि सासूबाईंच्या स्वेटरवर.

"हरणाला आता काय फरक पडतोय," व्हर्लिन हसला.

"मला पडतो," सासूबाई म्हणाल्या. स्टिकर मात्र त्यांनी काढलं नाही.

हसत हसतच तो बाकीची स्टिकरं सोलायला आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी डोकावलो. तो पिवळ्या पलंगाच्या कडेवर बसला होता. उशीच्या बरोबर मधोमध नारिंगी ठिपका होता.

"तूच लावलंस ना हे?" त्याने विचारलं.

"उजेड तिथेच होता."

त्याने ब्रायनाला फोन लावला. "तुझं बरोबर आहे. बघायचं ते हातातल्या टॉर्चने. पिस्तुलावरचा राहील, पण तो ओळख पटल्यानंतर. पिस्तूल पेटीत. पाठव तिला."

"आणि दाराचं काय?" ट्वायलाने विचारलं.

व्हर्लिनने स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि कोठीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे पायपर उठली, उशाशी ठेवलेला छोटा टॉर्च घेऊन कोठीत गेली. खुडबूड ऐकून व्हर्लिनही आपला टॉर्च घेऊन आला. दोघांनी एकमेकांच्या तोंडावर उजेड पाडला.

"आजोबा, तूच आहेस ना?"

"मीच."

तिने नीट निरखून खात्री करून घेतली आणि मग लोणच्याची बरणी त्याच्यापुढे धरली. तिच्याही एका हातात टॉर्च होता. झाकण उघडणार कसं?