दोराचं दुसरं टोक

चौडप्पानं पन्नास हात उंचावर सुपारीचा घड तोडला, दोराला अडकवला आणि खाली ओरडला, "ताणून धरा की रं दोर, घड खाली सोडायचाय!"

खाली चार गडी उभे होते. एकानंही हात पुढं केला नाही.

"त्याचा दोर धरील त्यो त्याची बायकू व्हईल!" एकजण म्हणाला आणि बाकीचे फिदीफिदी हसले. मोठे आले मर्द! चार हात वर चढायची एकाची छाती नाही, जीभ मात्र थेट शेंड्याला पोचलेली.

बारा वर्षं तो दोर हालेशनं धरला होता. वर चौडप्पा, खाली हालेश. निम्म्या गावाची सुपारी या दोघांनी उतरवली. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, हे गेल्या संक्रांतीला गावाला कळलं आणि बागेचे मालक आणि गावचे पंच सुब्राय हेगडे यांच्या ओसरीवर पंचायत बसली. हालेशला बडवून सागर शहराच्या बसमध्ये कोंबला. चौडप्पाला ठेवला, कारण दुसरा चढणारा आणायचा कुठनं? धर्म राखायचा, पण सुपारीला धक्का न लावता.

तेव्हापासून चौडप्पाची झोप उडाली, अन्न गोड लागेना. मग खोकला लागला. दवाखान्यात गेला तर कंपाउंडर भर रांगेत ओरडला, "तुमच्यासारख्यांना कसला रोग व्हतो ते ठावं हाय मला! भाईर उन्हात उभा ऱ्हा!" चौडप्पा तसाच माघारी फिरला आणि तीन महिने काढा पीत बसला.

आज झाडावरच उबळ आली. कसाबसा उतरला आणि मातीत थुंकला. थुंकी लाल होती, आणि तोंडात पान नव्हतं.

हेगडे धावत आले. "चौड्या, बाग पिकलीया! उद्या तरी चढशील न्हवं?"

"चढंन. पर आदी दवाखान्यात माज्याशेजारी बाकावर बसा, मालक. तुमच्याम्होरं त्यो कंपाउंडर काय बोलतो ते बघू."

बागेसाठी माणूस काय काय करतो! हेगडे बसले. मध्ये एका माणसाची जागा सोडून, पण बसले. कंपाउंडरनं पंखा लावला, पाणी आणून दिलं. चौडप्पालासुद्धा 'अहोजाहो' केलं मेल्यानं!

थुंकी तपासायला गेली. दोन दिवसांनी दोघं पुन्हा त्याच बाकावर.

"क्षय आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहा महिने गोळ्या. तोवर झाडावर चढायचं नाही. तीन महिन्यांपूर्वी औषध सुरू झालं असतं, तर इतकं वाढलं नसतं."

हेगड्यांचं तोंड उतरलं. चौडप्पासाठी नव्हे, बाग आठवून.

"रोज गोळी घेतोस की नाही, ते बघणारा माणूस लागतो. कुणाचं नाव लिहू?"

हेगडे आपल्या चपला न्याहाळू लागले.

"हालेश," चौडप्पा म्हणाला.

"त्यो गावात न्हाई," हेगडे पुटपुटले.

"तुमीच घालवला, तुमीच बोलवा. न्हाईतर रोज सकाळी माज्या दारात या, गोळी चारायला. आन् म्होरल्या सालचं आत्ताच सांगतो. दोर हालेश धरंल, तवाच मी चढंन. न्हाईतर चढा तुमी, धोतर सावरीत!"

बाईंनी कागदावर नाव लिहून टाकलं. हेगड्यांनी बराच वेळ घसा खाकरला. मग मोबाईल बाहेर काढला आणि गावाचा एवढा मोठा पंच मान खाली घालून विचारू लागला,

"नंबर काय म्हनलास त्याचा?"