पंखा बंद, मोटर चालू

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना कूलर आहे, निदान उन्हाळ्यापुरता तरी. हिवाळ्यात माझ्या डोक्यावर गोधड्यांची थप्पी असते, पोटात कांदे भरतात आणि घरची करडी कोंबडी माझ्या आडोशाला अंडं घालते. तेव्हा मला कूलर कोणी म्हणत नाही. "त्या डब्ब्यावर ठेव," एवढंच म्हणतात. त्यामुळे आपण नक्की कोण, हा प्रश्न मला दर वर्षी पडतो. होळी झाली की त्याचं उत्तर मिळतं.

खामगावातल्या पत्र्याच्या एका दुकानात मला बनवलं. खाली पाण्याची टाकी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, समोर पंखा आणि टाकीतलं पाणी वर चढवून ताट्यांवर सोडणारी एक छोटी मोटर. माझं काम साधं आहे. मी खिडकीबाहेर उभा राहतो. पंखा बाहेरची कोरडी, तापलेली हवा ओल्या गवतातून ओढतो आणि गार करून घरात सोडतो. ती आत आली की आधीची हवा दारातून निघून जाते. हवा आत येणार आणि बाहेर जाणार, एवढंच माझं शिक्षण.

संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावच्या उकंडराव नावाच्या शेतकऱ्याने मला टेम्पोत घालून घरी आणलं. पहिल्या उन्हाळ्यात गल्लीतली माणसं दुपारी त्यांच्याकडे येऊन बसत. "उकंडराव, तुमच्या घरी तं चिखलदराच हाय," असं म्हणत चहा पिऊन जात. पुढे घरोघर कूलर आले आणि माझं कौतुक संपलं. इथलं पाणी खारं. त्याचे माझ्या ताट्यांवर पांढरे थर धरू लागले. गवत दगडासारखं झालं, टाकीला गंज चढला, पंखा कण्हू लागला. कोणी लक्ष दिलं नाही. उलट जाता-येता एक थापड मारत आणि म्हणत, "आवाज लय करते, हवा देत नाही."

या वर्षी मात्र अचानक माझी सेवा सुरू झाली. उष्णतेची लाट येणार, असे संदेश मोबाइलवर येत होते. त्यातच उकंडरावांची मुलगी करिष्मा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचा भाऊ गणेश माझ्यापुढे पाट टाकून बसला. त्याने टाकीतल्या कांद्याच्या साली काढल्या, क्षाराचे थर खरवडले, टाकीला आतून डांबर लावलं, पंख्याला तेल दिलं आणि नव्या ताट्या बसवल्या. नव्या गवताचा वास मला कित्येक वर्षांनी आला. आता खिडकीबाहेरच्या माझ्या लोखंडी घोडीवर चढवतील म्हणून मी वाट बघू लागलो.

पण मला घोडीवर चढवलं नाही. मला उचलून थेट बाळंतिणीच्या खोलीत ठेवलं. इथून माझा गोंधळ सुरू झाला.

त्या खोलीची तयारी करिष्माची आई गोजरबाई करत होती. तिने खोलीची एकुलती खिडकी लावून घेतली आणि फटींमध्ये जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. दाराला जाड चादर टांगली. करिष्मा तान्ह्या मुलीला घेऊन दवाखान्यातून घरी आली, तेव्हा गोजरबाईने बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली आणि तिच्यावर ओवा टाकला. धूर झाला. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे होता.

मित्रांनो, मी शेगडीकडे बघत होतो. तिला ऊब द्यायला आणलं होतं आणि मला थंडावा द्यायला. एकाच खोलीत, एकाच बाजेपाशी. आमच्यापैकी कोणाला चुकून आणलं होतं, ते मला कळेना.

"माय, बाहेर जाळ पडून राह्यला अन् तू खाली निखारे ठेवून राह्यली?" करिष्मा म्हणाली.

"बाळंतिणीच्या अंगात वारं शिरलं की जनमभर कंबर धरते," गोजरबाई म्हणाली. "तुह्या वेळीबी मी असाच शेक घेतला. मेली का तू?"

"मी दिवाळीत झालती ना, माय!"

"तोंड लय चालते तुहं. पहिले कान बांध."

ओसरीवरून उकंडराव हळूच म्हणाले, "डॉक्टरीणबाईनं तं मोकळी हवा सांगितली होती."

"त्याइले म्हणा, सवा महिना तुमीच येऊन बसा इथं. आता बाळंतपणातलं तुमाले कळाले लागलं काय?"

उकंडराव उठून अंगणात गेले. करिष्माने मात्र हट्ट सोडला नाही. तिला कूलर हवाच होता. गोजरबाईला वारं नको होतं. शेवटी गणेशने तोड काढली. त्याने माझ्याजवळ येऊन एक बटण दाबलं, दुसरं तसंच ठेवलं.

"भांडू नका. पंखा बंद, मोटर चालू. वारंबी नाही अन् थंडबी राहीन."

"पाह्य, डोक्शाचा हाय माहा गणेश," गोजरबाई खूश होऊन म्हणाली. करिष्माही हसली. भांडण मिटलं.

एक मीच तेवढा गोंधळलो होतो. माझ्या ताट्यांवरून पाणी ओघळू लागलं, पण ते ओलं गवत कोणाच्या उपयोगाचं? हवा येत नव्हती आणि जात नव्हती. शेगडी खोली तापवत होती, मी ती दमट करत होतो. थोड्या वेळाने भिंतीला घाम सुटला. करिष्माचं पातळ अंगाला चिकटलं. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवावं तसं त्या खोलीचं झालं. आपण चालू आहोत की बंद, याचाही मला पत्ता लागेना.

बाळ रडत होतं. आत्या येईपर्यंत नाव ठेवायचं नव्हतं, म्हणून सगळे तिला छकुली म्हणत. छकुली रडून रडून लाल होई, जरा दूध पिई आणि पुन्हा रडे. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं रडणं थांबलं.

गोजरबाईने आत येऊन पाहिलं. मग ती माझ्याजवळ आली आणि माझ्या पत्र्यावरून हात फिरवला. "कसं गार झोपलं लेकरू. कूलरनं काम केलं, बाप्पा."

इतक्या वर्षांनी माझं कौतुक झालं होतं. पण कशाबद्दल, ते मला समजेना. मी काहीच केलं नव्हतं.

थोड्या वेळाने करिष्माने बाळाला पाजायला घेतलं.

"माय, हे दूध ओढतच नाही."

"झोपीत हाय. झोपू दे तिले."

"झोपीत नाही, माय. डोळे अर्धे उघडे हायेत. हात वर केला की तसाच पडते. अंग पाह्य कसं तापलं!"

गोजरबाईने बाळाच्या पोटावर तळहात ठेवला. तो तिथेच राहिला. मी तिचा चेहरा बघत होतो. मग ती वाकली आणि बाजेखालची शेगडी उघड्या हातांनी ओढून काढली.

"माय, हात पोळला तुहा!"

"पोळू दे. खिडकी उघड."

शेगडी तिने दाराबाहेर अंगणात भिरकावली. करिष्मा फटींमधल्या चिंध्या उपटत होती. गणेश रिक्षा आणायला पळाला. उकंडराव फोनवर दवाखान्यात बोलत होते आणि तिकडून आलेली सूचना मोठ्याने सांगत होते, "ओल्या फडक्यानं अंग पुसा, कपडे काढा, ताबडतोब घेऊन या!" गोजरबाईने पदर माझ्या टाकीत बुडवला आणि बाळाचं अंग पुसायला घेतलं. मग रिक्षा आली आणि सगळे गेले.

मित्रांनो, त्यानंतरचा काळ मला सांगता येत नाही. माझी मोटर कोणी बंद केली नव्हती. रिकाम्या बाजेशेजारी मी पाणी गाळत राहिलो. टाकी संपली तेव्हा मोटर कोरडी घुरघुरू लागली. शेजारच्या बाईने येऊन बटण बंद केलं आणि ती डोळे पुसत निघून गेली. ती का रडत होती? तिला काही कळलं होतं, की ती नुसतीच घाबरली होती? मला विचारता येत नाही. माणसं माझ्यासमोर बोलतात, पण मला काही सांगत नाहीत.

काही दिवसांनी गणेश एकटाच घरी आला. त्याने दाढी केली नव्हती. त्याने मला उचलून खिडकीबाहेरच्या घोडीवर ठेवलं, टाकी भरली, चादर काढून दार सताड उघडं केलं आणि दोन्ही बटणं लावून पाहिली. वारा आत गेला, दारातून बाहेर निघाला. हे काम मला ओळखीचं होतं. पण ज्या बाजेवर मी वारा सोडत होतो, तिच्यावर कोणीच नव्हतं. ही तयारी कोणासाठी, ते मला कळेना.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. आधी आवाज आला आणि मग माणसं दिसली. छकुली रडत होती. असं रडत होती की शेजारची माणसं दारात आली. एकाने हसून म्हटलं, "गोजरबाई, नातीले गप करा, कान फुटले!"

"रडू द्या," गोजरबाई म्हणाली. तिच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. "कोणी गप करू नका तिले."

करिष्माने कान बांधले होते, अंगावर लांब बाह्यांचं पोलकं होतं. तेवढं गोजरबाईने सोडलं नव्हतं. बाज मात्र वाऱ्याच्या थेट झोतातून थोडी बाजूला, उघड्या खिडकीजवळ घेतली. शेगडी पुन्हा आत आली नाही.

माणसं एकाच खोलीत ऊब आणि थंडावा का मागतात, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. दोन्ही मायेनेच मागतात, एवढं दिसतं. म्हणून मित्रांनो, उन्हाळा लागण्याआधी आमच्या ताट्या बदला, टाकी धुवा, पंख्याला तेल द्या. वारा यायला आणि जायला वाट ठेवा. आणि उकाड्यात रडणारं लेकरू एकदम शांत झालं, तर आधी त्याच्या अंगाला हात लावून पाहा. माझ्या पत्र्यावरून हात फिरवायची घाई नाही.