कार्तिक वद्य पंचमी, शके १८६५

मित्रांनो, पंचांगाचे आयुष्य अवघे एका वर्षाचे. पाडव्याला ते कौतुकाने घरात येते, वर्षभर खिळ्याला लटकते आणि पुढच्या पाडव्याला त्याच्या पानांत कोणी शेंगदाणे बांधते, कोणी त्याने चूल पेटवते. माझ्या बरोबर छापलेली सगळी भावंडे अशीच संपली. मी शके १८६५ चे, म्हणजे इंग्रजी १९४३ सालचे जुने पंचांग, तेवढे उरले आहे. कोणी हौसेने जपले म्हणून नव्हे, तर मला फेकायला कोणाचा हात धजला नाही म्हणून.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यातला. तेव्हा मी फार शिष्ट होते, हे आधीच कबूल करते. तिथी, वार, नक्षत्र, शेजारी बारीक इंग्रजी तारीख आणि शेवटच्या रकान्यात एका शब्दात दिवसाचा निकाल: उत्तम, मध्यम, वाईट. उद्याचे मला आज ठाऊक असते, असा माझा तोरा होता. नीलकंठ भुसारी नावाच्या तरुणाने मला विकत घेतले आणि आपल्याबरोबर जबलपूरला आणले. महायुद्ध चालू होते. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना नवा होता आणि तो रात्रंदिवस चाले. नीलकंठ तिथे नोकरीला होते. त्यांच्या क्वार्टरच्या भिंतीवर मला खिळा मिळाला. पाळी बदलली की भोंगा होई आणि माझी पाने थरथरत.

श्रावणात त्यांची बायको हेमलता पहिल्या बाळंतपणासाठी नागपूरला माहेरी गेली. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून नीलकंठ माझ्याशी बोलू लागले. कामावरून आले की पेन्सिलीने तो दिवस खोडायचे आणि म्हणायचे, "चलो, आणखी एक गेला." पाच नोव्हेंबरला तार आली. त्यांनी माझ्या समासात लहान अक्षरांत लिहिले, 'मुलगी', आणि एकटेच हसत बसले. मला मनापासून आनंद झाला. चारच दिवसांनी सकाळी ते अंगात ताप घेऊन ड्यूटीवर गेले, ते पुन्हा आलेच नाहीत.

कुलूपबंद खोलीत मी एकटे लटकत राहिले. भोंगे होत होते, शेजारच्या दारांच्या कड्या वाजत होत्या, आमची तेवढी वाजत नव्हती. काय झाले ते मला फार उशिरा कळले. कार्तिक वद्य पंचमीला शहरातल्या इस्पितळात विषमज्वराने नीलकंठ गेले. आणि त्या दिवसापुढे मी काय छापले होते, सांगू? 'उत्तम.' हा शब्द मला अजून चावतो.

तार नागपूरला पोचली तेव्हा हेमलता ओली बाळंतीण होती. अशा बाईला असली बातमी सांगायची नाही, म्हणून घरच्यांनी ती दडवली. "पत्र काहून नाही आलं?" असे ती रोज विचारायची आणि भाऊ सांगायचा, लढाईमुळे टपाल बंद आहे. सव्वा महिन्यानंतर तिला सांगितले. तोपर्यंत सारे उरकले होते. देह नाही, राख नाही, कोणी पाहिलेले नाही. तिच्या हाती फक्त एक तिथी आली, तीही भावाच्या तोंडून. श्राद्ध तिथीनेच करायचे असते, मग इंग्रजी तारीख विचारणार कोण? पुढे भाऊही गेला आणि ती तारही कुठे हरवली.

जबलपूरला परत येऊन क्वार्टर सोडताना हेमलताने मला नीलकंठांच्या कपड्यांबरोबर ट्रंकेत टाकले. डोळे भरून आल्यामुळे तिने माझे पानही उघडले नाही. ती खमरियाजवळ रांझीत एका खोलीत राहू लागली, शिवणकाम करून मुलीला वाढवू लागली. ट्रंकेच्या अंधारात मला शिलाई मशीनचा आवाज ऐकू यायचा. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मशीन थांबायचे. ती दाराकडे बघत असणार. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू व्हायचे. एकोणीस वर्षे, दिवसातून तीनदा, ते असे थांबत आले. मित्रांनो, भुताच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील, पण त्या थांबलेल्या मशीनइतकी भीती मला कशाचीच वाटली नाही.

मग १९६२ साल आले. चीनशी युद्ध जुंपले, कारखान्यात पुन्हा भरती निघाली. नीलकंठांची मुलगी सुमेधा मॅट्रिक होऊन टायपिंग शिकली होती. नोकरीवर असताना गेलेल्या कामगारांच्या मुलांना आधी घेणार होते, पण वडिलांच्या मृत्यूचा दाखला हवा होता, महिनाअखेरीच्या आत. कारखान्यातल्या इतक्या जुन्या फायली नियमाप्रमाणे केव्हाच काढून टाकल्या होत्या. सुमेधाने आधी खमरियाच्या वसाहतीच्या कचेरीत विचारले. तिथे तिला सांगितले, माणूस कुठे राहत होता ते पाहत नाहीत, जिथे वारला तिथल्या कचेरीत नोंद असते. म्हणून ती शहरातल्या जन्म-मृत्यूच्या कचेरीत गेली. संध्याकाळी परत येऊन ती आईला सारे सांगत होती, तेच मी ट्रंकेतून ऐकले.

"तारीख मागून राहिले होते, आई. मी म्हटलं, तारीख नाही माहीत जी, तिथी माहीत आहे. तिथले कारकून बाबूजी चांगले होते बिचारे. त्यांनी जुनं पंचांग काढून हिशेब केला, मग मोठं रजिस्टर पाहिलं. म्हणाले, नहीं है बिटिया, इस नाम का कोई नहीं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकेची कडी वाजली आणि एकोणीस वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. हेमलताने मला बाजूला सारले, तळाशी हात घालून कुंकवाचा करंडा काढला आणि आरशासमोर बसून कपाळावर ठसठशीत कुंकू लावले.

सुमेधा दारातच थबकली. "आई, हे काय करून राहिली तू?"

"काहून? सरकारी वहीत नाव नाही त्यांचं. म्हणजे ते गेले नाही."

"आणि परवाचं श्राद्ध?"

"जित्या माणसाचं श्राद्ध करते का कोणी?"

त्या दिवशी तिने ताट एक जास्त वाढले. भोंगा झाला तशी दारात जाऊन उभी राहिली आणि पंचेचाळिशीची ती बाई पदर सारखा करू लागली. समोरच्या शकुकाकूंनी पाहिले आणि खिडकी लावून घेतली. सुमेधा घाबरली. नोकरी बाजूलाच राहिली, आता आई हातची जाते की काय, असे तिला झाले.

ट्रंक आवरताना मी तिच्या हाती लागले. समासातला 'मुलगी' हा शब्द वाचून तिने त्यावरून बोट फिरवले. वडिलांचे अक्षर तिने पहिल्यांदाच पाहिले होते. मग तिने पाने उलटली. कार्तिक वद्य पंचमी, शेजारी सतरा नोव्हेंबर. तारीख मिळाली! पण ती आनंदली नाही. मला मांडीवर घेऊन ती पुटपुटली, "मी हे शोधून आणलं तर आईचं कुंकू मीच पुसल्यासारखं होईल." मला तोंड असते तर मीही गप्पच राहिले असते. शेवटी तिने आईला म्हटले, "पुन्हा एकदा पाहून येऊ, चल. तुझ्या डोळ्यांसमोर पाहू."

"चल नं. नाव नाही हे तूही नीट पाहून घे," हेमलता म्हणाली.

मी पिशवीतून गेले. खिडकीत म्हातारे बाबूजी होते. सुमेधाने मला त्यांच्यापुढे ठेवले आणि विचारले, "उस दिन आपने कौन-सा महीना देखा था?"

"अक्टूबर। कार्तिक बदी पंचमी, अठारह अक्टूबर।" मग त्यांची नजर माझ्या पानावर गेली आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे राम! आप लोग तो मराठी हैं। हमारा महीना पूनम को पूरा होता है, आपका अमावस को। आपका कार्तिक बदी हमारा अगहन बदी हुआ। मैं महीना भर पहले ढूँढता रहा।"

मित्रांनो, चूक कोणाचीच नव्हती. शुद्ध पंधरवड्यात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पंधरवड्यात तेवढे नाव बदलते; आपल्या कार्तिक वद्याला ते अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, म्हणतात. एवढ्या फरकापायी एक माणूस मेलेल्यांत नव्हता आणि जिवंतांतही नव्हता.

बाबूजींनी रजिस्टर पुन्हा काढले. ते माझ्याच वयाचे होते, कडा वाळवीने खाल्लेले. मला त्याची भीती वाटली. माझ्या पानांत दिवस होते, त्याच्या पानांत माणसे होती. बोट फिरत फिरत नोव्हेंबरवर आले आणि थांबले. इंग्रजीतली नोंद बाबूजी हिंदीत सांगू लागले, "सत्रह नवंबर। नीलकंठ भुसारी, उम्र अट्ठाईस, मियादी बुखार। दाह नर्मदा के ग्वारीघाट पर। सूचना देने वाला दुलीचंद रैकवार। मृतक से रिश्ता, भाई।"

सुमेधाने आईचा हात घट्ट धरला. हेमलता रडली नाही. "त्यांना भाऊ नव्हता," एवढेच ती म्हणाली.

"कारखाने का साथी होगा, बहनजी। इधर आपका कोई था नहीं। घर का आदमी न हो तो अंतिम संस्कार के लिए देह कौन माँगता? उसने भाई लिखवा दिया।"

"म्हणजे अग्नी त्यांनी दिला?"

"और कौन देता।"

"ती ओळ पुन्हा वाचा जी," हेमलता म्हणाली. बाबूजींनी वाचली. तिने आणखी एकदा वाचायला लावली. नीलकंठांच्या तोंडात पाणी कोणी घातले असेल, कोणी खांदा दिला असेल, की कोणीच नव्हते, हा प्रश्न तिने एकोणीस वर्षांत कोणाला विचारला नव्हता. तिला माणूस परत हवा होता हे खरे, पण तो एकटा गेला नाही, एवढे कळायलाही ती तितकीच आसुसली होती. आता तिचे डोळे वाहू लागले.

नोंदीची नक्कल हवी तर लेखी अर्ज करावा लागतो. बाबूजींनी कागद सरकवला आणि विचारले, "मृतक का पूरा नाम?"

सुमेधा सांगणार तेवढ्यात हेमलताने तिला थांबवले. आजवर तिने 'हे' आणि 'तुझे बाबा' याखेरीज त्यांचा उल्लेख केला नव्हता. लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतले, तेवढेच नाव. खिडकीचा गज धरून ती सावकाश म्हणाली, "नीलकंठ गोविंद भुसारी." आणि अर्जदाराच्या जागी तिने स्वतः सही केली, नात्यापुढे लिहिले, 'पत्नी'. मग पदराच्या टोकाने तिने कपाळ पुसले. सुमेधाने मान फिरवली. मला मात्र पाहावेच लागले.

त्या नकलेवर सुमेधाला नोकरी लागली आणि पंचमीचे श्राद्धही झाले. मित्रांनो, मी काही फार शहाणे नाही, भविष्य तर मला मुळीच कळत नाही. पण एवढे ऐका. तुमच्या घरातले जे कोणी गेले असतील त्यांची तिथी तुम्हाला ठाऊक असेल, शेजारी तारीखही लिहून ठेवा. कोणत्या गावात, कोणत्या इस्पितळात गेले ते लिहा, नोंद तिथेच सापडते. पाळण्यातले, शाळेतले, सासरचे, सगळी नावे लिहा. कागद वेळीच मागून घ्या. मोठी माणसे आहेत तोवर त्यांना विचारा, आणि त्या वेळी जवळ कोण होते हेही विचारायला विसरू नका.

त्या दिवशी आम्ही खिडकीवरून निघणार, इतक्यात बाबूजींना काय वाटले कोण जाणे, त्यांनी हेमलताला हाक मारली. "बहनजी, कहो तो रैकवार का नाम भी देख दूँ, इन्हीं रजिस्टरों में? पता तो चले, ज़िंदा है कि नहीं।"

हेमलताने मला उचलून पिशवीत ठेवले. "नको जी," ती म्हणाली, "त्यांना मी आधी घराघरांत शोधते."