फुंकरीने मोकळा झालेला गुरुवार

गोदामाबाहेर माणसं फोन छातीशी धरून उभी होती. ऑनलाइन बुकिंगमध्ये कापणी यंत्राची प्रत्येक वेळ लाल, म्हणजे भरलेली. पण गोदामात बसलेल्या बाबाने फोनवर फुंकर मारली की हवी ती वेळ हिरवी व्हायची, म्हणजे मोकळी! फुंकर विनामूल्य होती. फुकट घ्यायला संकोच वाटणाऱ्यांसाठी दाराशी पेटी होती आणि तो संकोच सगळ्यांनाच वाटावा म्हणून पेटीशेजारी एक पैलवान होता.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई या गर्दीत आल्या त्या धाकट्या जावेपायी. जावेचा गहू वाळून कडकडीत झाला होता, ओंब्यांतून दाणे गळत होते आणि वर आभाळ भरून आलं होतं.

"जाऊबाई, आत गेल्यावर तोंड उघडू नका हं. देवाची चेष्टा नको."

"त्याची कशाला करू? तो बिचारा ऑफलाइन आहे."

आत बाबाने जावेचा फोन कपाळाला लावला. "उपग्रहापर्यंत गाठ बसलीये, माई! दिवस बोल!"

"गुरुवार. सकाळी."

बाबाने मान वळवली आणि मागच्या पडद्याकडे तोंड करून गर्जना केली, "गुरुवाऽऽर! सकाऽऽळ! मोकळी होऽऽ!"

देव पडद्यामागे बसतो की काय, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी स्वतःच्या फोनवर जावेचं खातं आधीच उघडून ठेवलं होतं. फुंकर जावेच्या फोनवर पडली आणि गुरुवारची सकाळ बाईंच्या फोनवरही हिरवी झाली. त्यांनी पटकन अंगठा टेकवला.

"घे, झालं!" बाबा म्हणाला.

"बाबा, लालच आहे की!" जाऊ म्हणाली.

"श्रद्धा कमी पडली!"

"वेग कमी पडला," बाई म्हणाल्या. "वेळ मी घेतली. माझ्या फोनवर कुणी फुंकलं नव्हतं. भरलेली वेळ मोकळी होते ती अडवणाऱ्याने सोडली तरच. कोणी सोडली?"

आणि त्यांनी पडदा ओढला.

मागे बाबाचा भाचा टेबलभर फोन मांडून बसला होता. बुकिंग उघडलं की खोट्या शेतांच्या नावाने सगळ्या वेळा अडवायच्या आणि मामा गरजला की तेवढी एक सोडायची. त्यातलं एक शेत तर तळ्याच्या मधोमध होतं; बुकिंगच्या कार्यालयात ते कुणाला खटकलं नव्हतं.

"मामा, आता काय सोडू?"

"सगळं सोड!" हे दारातून आत आलेला पैलवान म्हणाला. "माझ्या आईचाही गहू उभा आहे. त्या एका फुंकरीसाठी मी इथं फुकट राबतोय!"

भाच्याने पैलवानाचे दंड पाहिले आणि सोडलं. आतबाहेर सगळ्यांचे फोन हिरवे झाले. बाबा मागच्या दाराने निघाला. त्याला अडवायला कुणाचाही हात रिकामा नव्हता.

एक म्हातारा मात्र बाईंसमोर फोन धरून वाकला. "बाई, तुमच्यात काहीतरी आहे. एक फुंकर मारा ना."

बाईंनी कपाळावर हात मारला.

"काका, फुंकर चहावर मारा. बटण तुमचं तुम्ही दाबा. आणि पुन्हा सगळं लाल दिसलं, तर हात जोडू नका. कार्यालयात जाऊन विचारा, हे अडवलं कोणी?"

जावेचा गहू गुरुवारी निघाला. काका शुक्रवारी कार्यालयात गेले. आत जाताना, सवयीने, चपला बाहेर काढून.